कावळ्यानं ऐकलेला शब्द

निवडणूक आली की लोकांना भोंगे आठवतात, मला कावळे आठवतात. यंदाही तसंच झालं. कोर्टासमोरच्या माझ्या ऑफिसखाली प्रचाराची रिक्षा उभी होती. ड्रायव्हर चहाला गेलेला, आणि भोंगा ऐकायला कुणी नसताना ‘आपल्या हक्काचा माणूस’ म्हणून ओरडत होता. उन्हाची झळ खिडकीतून टेबलापर्यंत येत होती. मी हातातलं काम सोडून समोरच्या वडाकडे बघत बसले. वडावर कावळे होते. ते आहेत हे पाहून मला बरं वाटलं. शिकल्यासवरल्या बाईला हे शोभत नाही, पण आता शोभण्याचं वय गेलं.

तो उन्हाळाही असाच होता. मी तेव्हा नानांची ज्युनियर होते. नाना म्हणजे विंचूरच्या बाजूनं दोनदा निवडून आलेले आमदार, मूळचे वकील. विधानसभेत कांद्यावर बोलायला उठले की समोरचे मंत्री पाण्याचा ग्लास जवळ ओढायचे. पण त्यांच्या मनात होतं राज्याचा महाधिवक्ता व्हायचं. हायकोर्टात सरकारची बाजू मांडणारा सगळ्यात वरचा वकील. “पण ते पद मतं मागून मिळत नाही गं,” ते म्हणायचे, “ते देणाऱ्याच्या मनात यावं लागतं. आणि मला येतं काय, तर मतं मागता.” दोन खेपा आमदारकी करूनही त्यांना ना मंत्रिपद मिळालं, ना ते पद. त्या वर्षी पक्षानं सांगितलं, आधी लोकसभा लढा, मग बघू. आमच्या बाजूची जागा राखीव, म्हणून नानांना शेजारची दिली. चौकाचौकांत फलक लागले, ‘तुमचा वकील, दिल्लीत’.

उन्हाळ कांदा निघायचे ते दिवस. लासलगावच्या रस्त्याला ट्रॅक्टरांच्या रांगा, हवेत कांद्याचा उग्र गोडसर वास, आणि वाऱ्यावर सगळीकडे उडणारी कांद्याची टरफलं. कोर्टाच्या आवारात टरफलं, गाडीच्या सीटखाली टरफलं. संध्याकाळी केस विंचरले तर कंगव्यात एखादा लालसर पापुद्र्याचा तुकडा निघायचा. आजही तो वास आला की मला आधी सकाळचा नदीकाठ दिसतो, मांडव दिसतो आणि पांढऱ्या टोप्यांची गर्दी दिसते.

आमच्याकडे उमेदवाराला सभेपेक्षा दशक्रिया परवडते. सभेला माणसं आणावी लागतात, दहाव्याला ती आपणहून येतात. मांडव असतो, माईक असतो, महाराजांचं प्रवचन असतं आणि प्रवचनानंतर श्रद्धांजलीचे ‘दोन शब्द’ बोलायला पुढारी ताटकळत असतात. मयताचं नाव कानात विचारून घेऊन लगेच माईकवर त्याच्याशी असलेले घरोब्याचे संबंध सांगणारे मी कितीतरी पाहिले. तिकडे पाण्याच्या कडेला पिंड मांडलेला असतो आणि सगळ्यांचं अर्धं लक्ष तिकडे असतं. कावळा शिवला तर माणूस समाधानानं गेला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी राहिलंय. मग घरचे एकेक जण पुढे येतात आणि हात जोडून मेलेल्याला सांगतात, धाकटीचं लग्न आम्ही करू, आईला अंतर देणार नाही, भावाभावांत भांडणार नाही. कधी पटकन भागतं, कधी ऊन डोक्यावर येतं.

नानांची आमदारकी अशाच एका पिंडापासून सुरू झाली. आप्पा नावाचे एक शेतकरी वारले होते, त्यांचा बांधाचा दावा नानांकडे होता. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण खाली एकही येईना. मुलांनी काय काय कबूल करायचं ते करून झालं. तेव्हा नाना, अगदी कोवळे वकील, पुढे झाले आणि कोर्टात बोलावं तसं खणखणीत म्हणाले, “आप्पा, तुमचा दावा मी शेवटपर्यंत लढवीन.” वाक्य संपायला आणि कावळा पिंडावर यायला एकच गाठ पडली. नानांनी तो दावा खरंच शेवटपर्यंत लढवला. त्यानंतर कावळा अडला की नानांना बोलावणं यायला लागलं. ते जायचे, विचारायचे, “काय राहिलं होतं?” आणि पिंडासमोर शब्द द्यायचे. कुणाच्या वस्तीचा रस्ता, कुणाच्या पोरीचा नर्सिंगचा प्रवेश. दिला शब्द की त्या कामाचा पिच्छा सोडायचे नाहीत, मुंबईत अधिकाऱ्यांच्या दाराशी बसून राहायचे. “जिता मतदार विसरतो,” ते म्हणायचे, “मेलेला विसरत नाही. त्याला मी भिऊन असतो.”

मी विज्ञानाची पदवी घेऊन वकिलीकडे आलेली. या सगळ्याला माझ्याकडे उत्तर होतं. नाना बोलायला उठले की आधी सगळ्यांना मागे सारायचे, खाली बसवायचे, गप्प करायचे. माणसं लांब गेली, गलका थांबला, की भुकेला कावळा येणारच. हे मी एकदा रफीकभाईंना समजावून सांगितलं. रफीकभाई नानांचे ड्रायव्हर, जुन्या नाशकातले, बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमचं बरोबर असेल ताई,” ते म्हणाले. “आमच्यात हे नसतं, मला काय कळणार? पण मी गाडीतून बघतो ना. नाना तोंड उघडायच्या आधी तो कावळा मान वाकडी करतो. ऐकतो तो.”

मी हसले. तेव्हा हसता येत होतं.

लोकसभेच्या त्या हंगामात सगळं भराभर व्हायला लागलं. गावं नवी, माणसं नवी, मयतही अनोळखी. रोज सकाळी दोन-तीन दहावे. कार्यकर्ते आदल्या दिवशी माझ्या फोनवर पाठवून ठेवायचे, नाव, गाव आणि इच्छा. गाडीत मी वाचून दाखवायची. “बबनराव. नातू पोलिसात लागायचा राहिला.” नाना डोळे मिटून ऐकायचे, उतरायचे, लोकांना मागे सारायचे, शब्द द्यायचे. कावळा यायचा. गाडी पुढच्या गावाला. दुपारी जेवताना मी विचारलं, “नाना, सकाळच्या त्या नातवाचं काय करायचं?” तर ते म्हणाले, “कुठला नातू?”

मला त्याचीच पहिल्यांदा भीती वाटली. शब्द देणाऱ्याच्या लक्षात राहत नव्हता, तरी कावळा येत होता. मान वाकडी करून ऐकून जात होता. तो हे घेऊन कुठे जातो असा एक वेडा विचार माझ्या मनात आला आणि मी तो कुणाला सांगितला नाही.

मग कारभारींचा दहावा आला. दारणा नदीच्या काठचं गाव. कारभारी हे म्हाताऱ्याचं नाव, त्याच्या बायकोचं गयाबाई. एकुलता एक मुलगा संतोष, जेलमध्ये. आदल्या वर्षी कांद्याचे भाव कोसळले तेव्हा रास्ता रोको झाला होता, आणि त्याच रात्री एका व्यापाऱ्याचं कांद्याचं शेड पेटलं. रखवालदार भाजला. संतोषला मागच्या फाटकातून पळताना पाहिलं, असं त्यानं सांगितलं. वर्ष उलटलं तरी पोरगा कच्चा कैदी म्हणून आतच होता, आणि त्याची वाट बघत बाप गेला. पण यातलं नानांना आणि मला काहीच माहीत नव्हतं. माझ्या फोनवर एवढंच आलं होतं, ‘कारभारी. मुलगा संतोष केसमध्ये आत. सुटावा ही इच्छा.’

पिंड पुतण्यानं दिला. गयाबाई बायकांच्या घोळक्याच्या कडेला बसली होती, बारीक चणीची, पदराचं टोक दातात धरून. रडत नव्हती. कावळे पलीकडच्या उंबरावर होते. नानांनी सगळ्यांना मागे सारलं आणि हात जोडले. “कारभारीबाबा, तुमच्या संतोषला मी सोडवीन. दुसरा कुणी नाही. कोर्टात मी स्वतः उभा राहीन.”

एरवी कावळा वाक्य संपता संपता यायचा. त्या दिवशी ‘संतोष’ म्हणताक्षणी तो उंबरावरून निघाला होता. ‘मी स्वतः’ म्हणेपर्यंत तो पिंडाशी उतरला होता आणि भाताला तोंड न लावता नानांकडे बघत होता. चांगलं बघून घेतलं, मग चोच मारली. मांडवातल्या बायका “शिवला, शिवला” करत उठल्या. गयाबाईनं दातातला पदर सोडला आणि नानांना लांबूनच नमस्कार केला.

गाडी गावाबाहेर पडल्यावर रफीकभाई म्हणाले, “नाना, शेठचं शेड जळालं होतं ना, त्यात ह्याच पोराचं नाव आहे.”

शेठ म्हणजे तोच व्यापारी. आमच्या प्रचाराच्या निम्म्या गाड्या त्याच्या होत्या. जळालेल्या शेडवर नवे पत्रे टाकून तिथेच नानांच्या दुपारच्या बैठका चालायच्या. मी त्या बैठकांना कधी गेले नाही. शेठला बैठकीत बाई नको असायची आणि मला शेठ नको असायचा.

“हे मला कुणी सांगितलं नाही,” नाना म्हणाले.

“संतोषची सही घेऊन येऊ वकीलपत्रावर?” मी विचारलं.

“मतदान होऊ दे.”

दुसऱ्या दिवशी पंचवटीत एक दहावा होता, रामकुंडावर. तिथे कावळ्यांना काय तोटा? घाटावर, देवळांच्या शिखरांवर, तारांवर, ते बसलेलेच असतात. गुरुजींनी पिंड मांडला, नाना उभे राहिले, लोक मागे सरले. नानांनी बोलायला सुरुवात केली आणि कावळे उठले. खाली आले नाहीत. नदी ओलांडून पलीकडे गेले, सगळे. गुरुजींनी पाण्याचा तांब्या हातात धरून आभाळाकडे पाहिलं. त्यानंतर दुसऱ्या गावात तसंच झालं, मग तिसऱ्या.

“ताई, एक सांगू?” रफीकभाई एकदा म्हणाले. “गाडी थांबली की बघत जा.”

मी बघायला लागले. एका आमराईत आमची पंगत उठली होती. खरकट्या पत्रावळी पडलेल्या, माशा घोंगावताहेत. साळुंक्या होत्या, कोकीळ होता, चिमण्यासुद्धा होत्या. कावळा नव्हता. मी म्हटलं, भोंग्यांनी पळाले असतील. रफीकभाईंनी रस्त्याकडे बोट केलं. समोरच्या पार्टीची जीप चालली होती, तिच्यावर आमच्यापेक्षा मोठे भोंगे होते आणि टपावर कावळा बसून चालला होता.

गावांना हे कळायला पत्रकं वाटावी लागली नाहीत. ‘नानांचं कावळं ऐकत नाय आता,’ एवढं एक वाक्य पारावरून पारावर गेलं. विरोधकांनी तोंडसुद्धा उघडलं नाही. आमच्या कार्यकर्त्यांनी शहाणपणा केला, कावळा शिवून झाल्यावर पोचायचं. तरी निरोप यायला लागले की नानांना आणू नका, आमच्या माणसाचं उगं अडायचं. विश्रामगृहाच्या गच्चीवर मी एका सकाळी नानांना पाहिलं. कठड्यावर भाकरीचे तुकडे मांडलेले, उन्हानं वाळून कडक झालेले. दोनदा आमदार झालेला माणूस आभाळाकडे तोंड करून हलक्या आवाजात “काव, काव” करत होता. मला पाहून ते थांबले नाहीत. ते सगळ्यात वाईट होतं.

परवा नानांचा मुलगा माझ्या ऑफिसात आला होता. यंदा तो उभा आहे. गोरागोमटा, नम्र, बोलण्यात वडिलांची ढब आणलेली. म्हणाला, “ताई, दोन-चार दहाव्यांना आमच्याबरोबर या. दोन शब्द बोला. लोक तुम्हाला मानतात.” मी नाही म्हटलं. कारण विचारलं तर काय सांगणार? त्याला चहा दिला. जाताना त्यानं विचारलं, “तुम्ही दहाव्याला जाताच नाही म्हणे?” मी म्हटलं, जाते, पण बोलत नाही. हल्ली मी कुणाला साधं ‘येईन’ म्हणतानासुद्धा आजूबाजूला बघते.

त्या वर्षी मतदानाच्या आधी मी गयाबाईकडे जाऊन आले होते. ती कांदे निवडत बसली होती, मीही समोर बसकण मारली. म्हटलं, “आजी, सरकारी मदतीतून वकील मिळतो, चांगला देतात. मी अर्ज करते.”

“नको. नानांनी सांगितलंय.”

“नानांना आता वेळ नाही.”

“आसंल नसंल. कावळा शिवला का नाय? आता दुसरा वकील उभा केला तर शब्द मोडंल. आमचा म्हातारा त्या शब्दावर निघून गेला. त्याला वाटंतनं माघारी आणू का?”

“आणि पोरगा आत आहे त्याचं?”

तिनं हातातला कांदा खाली ठेवला. “मला कळत नाय का, वकीलबाई? रोज रातीला त्याचं ताट वाढून झाकून ठेवते म्या. पण जित्याची वाट बघता येते. मेलेल्याचं एकदा मोडलं तर कुणाला सांगू?”

संतोषही आईचाच पोरगा. तारखेला न्यायाधीश विचारायचे, वकील देऊ का, तर हा सांगायचा, माझे वकील नाना आहेत. मी रस्ताभर चिडचिड केली. अशी चूक आमच्याच मातीत होते, पोरगा गजाआड आणि काळजी मेलेल्याच्या वाटेची. पण तिला ठासून चूक म्हणायला माझी जीभ रेटेना. ज्या शब्दाला ती धरून बसली होती तो माझ्याच गुरूनं दिला होता, आणि मी तो ऐकला होता.

मतदान झालं. दुसऱ्या दिवशी नानांनी मला बोलावून घेतलं. चार महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते. “सुट्टीनंतर कोर्ट उघडलं की संतोषचं काम पहिलं,” ते म्हणाले. “मी उभा राहतो. शेठला सांगून टाकलंय.” शेठ काय म्हणाला ते मी विचारलं नाही. “निकाल काय लागायचा तो लागो. मला हे रिकामं आभाळ बघवत नाही गं.”

आणि मतमोजणीच्या आधीच ते गेले. विंचूरहून येताना, भर दुपारी, गाडीच्या मागच्या सीटवर. रफीकभाईंनी पाणी देऊ का म्हणून विचारलं, उत्तर आलं नाही, त्यांना वाटलं डोळा लागला. नाशकात येईपर्यंत ते हळू गाडी चालवत आले, नानांची झोप मोडू नये म्हणून. ते दिवस मला अजून नीट सांगता येत नाहीत. माणूस गेलेला आणि त्याची मतं कुलपात, मोजायची राहिलेली. चौकात ‘तुमचा वकील, दिल्लीत’ तसाच, फलकावर नाना हात जोडून हसताहेत.

दहावा रामकुंडावर झाला. अख्खा जिल्हा लोटला होता. मी आल्याबरोबर वर पाहिलं. तारा रिकाम्या होत्या, शिखरं रिकामी होती. पिंड मांडला. मुलगा पुढे झाला, “नाना, तुमचं काम मी पुढे नेईन.” पक्षाचे मोठे लोक बोलले, नानांचं स्मारक करू, त्यांचं नाव रस्त्याला देऊ. एकानं तर माईकवरून सांगितलं की त्यांना महाधिवक्ता करायचं आमच्या मनात होतं. आभाळात काही हललं नाही. ऊन चढलं, पिंडावरचं दही आटलं, लोक एकमेकांकडे बघेनात.

घाटाच्या शेवटच्या पायरीवर गयाबाई उभी होती. ती कधी आली कुणाला कळलं नाही. गर्दी आपोआप फाकली. नानांनी तिला दिलेला शब्द सगळ्यांना माहीत होता. नानांच्या पत्नी स्वतः उठून तिच्यापाशी गेल्या आणि तिचे हात धरले. “मावशी, तुम्ही मोकळं करा त्यांना. शब्द सोडला म्हणा. एवढं करा.”

गयाबाईनं पिंडाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“नाय,” ती म्हणाली. “कावळा शिवला की नाना गेले. मग माझ्या पोरासाठी कोण उभं राहील? राहू द्या त्यांना हितंच.”

शेवटी गुरुजींनी रीतीप्रमाणे दर्भाचा कावळा केला, गवताचा, बोटाएवढा, आणि त्याचा स्पर्श पिंडाला करवला. विधी पुरा झाला. कायद्यात जशी पळवाट असते तशी शास्त्रातही असते, असा विचार माझ्या मनात आला आणि मला रडू फुटलं. वर येताना गयाबाई माझ्या शेजारून गेली. “गवताच्या कावळ्यानं कोण जातंय?” ती पुटपुटली. रफीकभाई भिंतीशी तोंड करून उभे होते.

नाना पडले. कुणालाच नवल वाटलं नाही.

कोर्ट उघडलं. नानांच्या घरचे गाडी विकत होते, मी घेतली, गाडीबरोबर रफीकभाई आले. कोर्टाच्या दाराशी ते मला उतरवायचे आणि मग मागचं दार उघडून थोडा वेळ थांबायचे. संतोषच्या तारखेला गयाबाई बाकावर बसलेली होती, शेजारी जागा राखून. कुणी बसायला लागलं की हात आडवा करायची. “हितं बसलेत.”

मला तिचा राग आला, दया आली, आणि खरं सांगायचं तर त्या रिकाम्या जागेकडे बघवेना. अशिलाला त्याच्याच भाषेत समजवायचं, हे मला नानांनी शिकवलेलं. मी तिच्यासमोर उकिडवी बसले.

“आजी, नाना इथंच आहेत ना?”

“हायेत की.”

“पण न्यायाधीशांना दिसायचे नाहीत. कोर्टात बोलायला तोंड लागतं, उभं राहायला अंग लागतं. त्यांना म्हणावं, माझं घ्या.”

ही युक्ती होती. मला त्या पोराची सही हवी होती, बस. गयाबाईनं रिकाम्या जागेकडे तोंड वळवलं, कानोसा घेतल्यासारखी थांबली आणि मान हलवली. “बरं म्हणतात,” ती म्हणाली. मी जेलमध्ये जाऊन संतोषला आईचा निरोप सांगितला. त्यानं सही केली.

जामिनाच्या अर्जाची सुनावणी लागली. मी तयारी चोख केली होती. आरोपीवर आधीचा गुन्हा नाही, तपास पूर्ण, वर्षभर कैद. पुकारा झाला. “आरोपीतर्फे कोण?” मी उठले, बोलायला लागले, आणि पहिला मुद्दा मांडून झाल्यावर पुढचं डोक्यातून पुसलंच गेलं. मग मला माझाच आवाज ऐकू आला, जरा खालच्या पट्टीतला. “रखवालदाराची खाट पुढच्या दाराशी होती. तिथून मागचं फाटक दिसतच नाही. मध्ये पाण्याची टाकी आहे.”

न्यायाधीशांनी आरोपपत्रातला नकाशा काढला. “इथे टाकी दाखवलेली नाही.”

“नकाशात नाही. जागेवर आहे.”

त्यांनी तपास अधिकाऱ्याला विचारलं. तो बिचारा गोंधळला. “आहे, साहेब. जुनी सिमेंटची आहे.”

दुपारी जामीन मंजूर झाला. त्या टाकीचं मी आजवर अनेकांना विचारलं. मी ते शेड कधी पाहिलेलं नव्हतं. रफीकभाई म्हणतात, ते बैठकीच्या वेळी बाहेर गाडीत असायचे, आत त्यांनीही कधी पाऊल ठेवलं नाही. कुणीतरी बोलता बोलता सांगितलं असणार, असं मी स्वतःला सांगते.

निकाल ऐकून बाहेर पडले तर कोर्टातला कारकून मागून आला. वर्षानुवर्षं ओळखीचा माणूस, आवाज खाली करून म्हणाला, “मॅडम, मघाशी उठताना तुम्ही नानांचं नाव सांगितलंत. मी तुमचंच लिहिलंय. बरोबर ना?”

मी हो म्हटलं. मला तसं सांगितल्याचं आठवत नव्हतं.

गयाबाई बाकावरून उठून माझ्याकडे येत होती. मला वाटलं आता रडेल, पाया पडायला बघेल, मी हात पुढे करून तयार राहिले. तिनं दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. तळहातांना कांद्याचा वास होता. माझ्या डोळ्यांत बघत ती हळू आवाजात म्हणाली, “झालं, नाना. म्हाताऱ्याला दिलेला शब्द पाळला तुम्ही. आता जावा सुखानं.”

आजी, मी आहे, असं मला म्हणायचं होतं. दिवसभर बसून अवघडलेला माणूस गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठतो, तसं माझ्या आत काहीतरी उठलं. मी भिंत धरली. गयाबाईची नजर माझ्या डोळ्यांतून सुटली, माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि लांब व्हरांड्याच्या टोकापर्यंत कुणालातरी पोचवत राहिली. मग तिनं पदर सारखा केला, माझ्याकडे पाहिलं आणि ओळखीचं हसून विचारलं, “वकीलबाई, तुम्ही कवा आल्या?”